दारातून घेतलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची पट्टी आहे, वीतभर लांबीची. पण रेघा मारायची नव्हे. माझ्या अंगावर शून्य ते दहा आकडे आहेत. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. कॅन्सरच्या वॉर्डात रुग्णाने माझ्यावर बोट ठेवून आपलं दुखणं सांगावं, एवढ्यासाठी माझा जन्म.

नशिबी मात्र भलतंच काम आलं. वॉर्डाचे मोठे डॉक्टर गाठी ओळखण्यात निष्णात, पण त्यांनी मला जाड पुस्तकात खूण म्हणून खुपसलं. दुखण्याचा आकडा ते दारातूनच ठरवत. रुग्ण कण्हला तर सहा, गप्प असला तर दोन. सात वर्षं मी पानांत गुदमरले. फार राग यायचा मला.

मग शिंपीणमावशी आल्या. आजार हाडांत पसरलेला, पण तोंडातून चकार शब्द नाही. दुखतं म्हटलं तर डॉक्टर उपचार थांबवतील, ही धास्ती. उशाशी नातीचा अर्धवट फ्रॉक होता. तो आपल्या हातानेच पुरा करायचा होता, पण चार टाके घातले की हात गळून पडे. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, दोन.

सिस्टरला ते बघवेना. दुखणं सांगितल्याने उपचार थांबत नाहीत, असं समजावून तिने मला पुस्तकातून ओढलं आणि आकड्यांचा अर्थ सांगत डॉक्टरांसमोरच मावशींच्या हाती दिलं. मावशींनी मला चाचपलं आणि नवावर बोट टेकवलं.

डॉक्टर चपापले. "पण तुम्ही तर शांत दिसत होता."

"डॉक्टरसाहेब, माप अंगाला टेप लावून घेतात," मावशी म्हणाल्या. "दारातून बघून बेतलेला कपडा कधी नीट बसतो का?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. मॉर्फिनची सवय लागेल, ते अगदी शेवटासाठी राखावं, असं ते आजवर धरून चालले होते. त्या दुपारी त्यांनी माझ्याच पुस्तकातलं वेदनेवरचं प्रकरण उघडलं. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. दुखण्यावर बेताने दिलं तर सवयीची भीती फार कमी, शेवटाची वाट बघायची गरज नाही, असं तिथे लिहिलं होतं. संध्याकाळी मॉर्फिनचा बेताचा डोस सुरू झाला, आणि डॉक्टर मला घेऊन पुन्हा पुन्हा विचारायला येऊ लागले. नऊचे सहा झाले, सहाचे तीन.

पाचव्या दिवशी नात मावशींनी आपल्या हाताने पुरा केलेला नवा फ्रॉक घालून वॉर्डभर मिरवली. आजार होताच, पण मावशी उशीला टेकून पोटभर हसत होत्या. उरलेल्या कापडाची त्यांनी मला खोळ शिवली, अगदी मापाची. आता मी डॉक्टरांच्या खिशात ऐटीत फिरते, आणि ते प्रत्येक खाटेजवळ बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी आजारी माणूस गप्प असेल, तर दारातून अंदाज बांधू नका. जवळ बसा आणि विचारा, किती दुखतंय.