हॉर्न वाजवायचा नाही

हिवाळ्याच्या सुट्टीत दोघी बहिणी गाडी घेऊन वाळवंटात पक्षी बघत हिंडत होत्या. म्हणजे बघायची ताई. धाकटी नुसती गाडी चालवायची.

"काही झालं तरी हॉर्न वाजवायचा नाही. फार लाजाळू पक्षी आहे," असं बजावून ताई दुर्बीण घेऊन टेकाडामागे गेली. शाळेत भूगोल शिकवणारी बाई वाळूत रांगत निघालेली बघून धाकटीला हसूच आलं.

मग वारा सुटला, धूळ उठली आणि टेकाडच दिसेनासं झालं. ऊन उतरलं तशी थंडी हाडात शिरली. ताईचा स्वेटर मागच्या सीटवरच पडला होता. धाकटीने तो उचलून मांडीवर घेतला. तिचा हात हॉर्नपर्यंत जायचा आणि परत यायचा. पक्षी उडाला तर ताई जन्मभर ऐकवेल, ही भीती काही कमी नव्हती!

शेवटी तिचा धीर सुटला. "खड्ड्यात गेला तो पक्षी!" म्हणत तिने हॉर्न दाबला, तो सोडलाच नाही.

ताई आली ती गाडीच्या मागून, भलत्याच दिशेने, धडपडत. ओठ निळे पडलेले. आत शिरून ती धाकटीच्या गळ्यातच पडली.

"वाट चुकले गं. केव्हाची गोल गोल फिरतेय."

"अगं, मग हाक मारायची ना! तोंड शिवलं होतं का?"

ताईने मान खाली घातली.

"पक्षी उडाला असता."