लोखंडाला बसलेला ओरडा

मी तेमिर कोमूझ बोलतोय. बोटभर लोखंड, मधे पोलादाची बारीक पट्टी. मला दातांशी धरायचं, पट्टी छेडायची आणि श्वासाने सूर काढायचा. म्हणजे माझा सगळा जन्म माणसांच्या तोंडात गेला. तिथलं काही विचारायचं तर मलाच विचारा!

अत-बाशी गावच्या लोहाराने मला घडवलं. माझी मालकीण बुरुलअपा, अपा म्हणजे आजी; तिच्या आईने मला तिच्या लग्नात दिलं, त्याला पन्नास वर्षं झाली. अपा वाजवायला लागली की मेंढ्याही चरायच्या थांबतात, असं ती स्वतःच सांगते. मी कशाला खोटं पाडू?

गेल्या हिवाळ्यात अपाने कवळी बसवली आणि आठ वर्षांच्या नातीला, मीरिमला, वाजवायला शिकवायला घेतलं. अपा आधी वाजवून दाखवायची, मग मला तिच्या हातात द्यायची. पोरगी मला तोंडाजवळ न्यायची, नाक मुरडायची आणि धूम पळायची. शेवटी अपा हिरमुसली. "हिला आवडच नाही. नौरुझचा सण झाला की देऊन टाकते शेजारच्या पोरीला," म्हणाली.

आवड होती हो! पण मला अपाच्या तोंडाचा वास मारत होता. मीरिम आईला म्हणाली, अपा रानकांदा खाते. सगळे मेले त्या कांद्यालाच नावं ठेवतात! कांद्याचा वास एक-दोन दिवसांत जातो. मी आत जाऊन आलोय. जिभेवर सायीसारखा पांढरा थर. सुनेला बोळकं दिसू नये म्हणून कवळी निजतानाही तोंडातच, आणि तिच्याखाली परवाच्या मटणाचे धागे. दिवसभर गालात कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याची, खारट गोळी, वर नुसता कडक चहा. पाण्याचं नाव नाही, त्यामुळे तोंड कोरडं ठाक.

सून गुलाइम, मीरिमची आई, दवाखान्यात नर्स. तिला सगळं कळत होतं. पण आमच्यात सून सासूचं नावसुद्धा घेत नाही, मग हे कसं सांगणार?

एका सकाळी चहाला अपा समोर बसलेली असताना गुलाइमने मला उचललं आणि झापायलाच घेतलं.

"काय रे लोखंड्या, जीभ कधी घासतोस का? कवळी निजताना काढून, धुऊन पाण्यात ठेवायला काय होतं तुला? सारखं कुरुत चघळतोस, घोटभर पाणी पीत नाहीस. म्हणून पळते पोरगी, तुझा कंटाळा येऊन नाही."

अपाने चहाचा वाडगा खाली ठेवला. मग अपाचे खांदे हलायला लागले.

"लोखंडाला कुठली गं कवळी?" ती म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली, की कवळी काढून हातात घ्यावी लागली. सुनेसमोर, पहिल्यांदाच. गुलाइमने पाण्याची वाटी पुढे केली.

याला दोन आठवडे झाले. काल अपाने एक चाल वाजवून मला मीरिमकडे दिलं. मी अजून ओलाच होतो. पोरीने मला पुसलंसुद्धा नाही, तसंच ओठांना लावलं.

तुमच्याही घरात कुणाला असं सांगायचं राहून गेलं असेल, तर माझ्यावर ओरडा. मला मुळीच राग येत नाही. बरं, निघतो आता. पोरगी हाक मारतेय.