निळी जीभ

मैनेची आठवण झाली की अजून तोंडाला पाणी सुटतं. उलटीआधी सुटतं तसलं.

टायपिंगच्या खोलीत आम्ही सहा जणी होतो आणि मी सगळ्यांत जुनी. कार्बन कागद सुटे करताना बोटाला थुंकी लावायची माझी खोड. संध्याकाळपर्यंत बोट निळं आणि जीभही निळी. आज लिहिताना अंगावर काटा येतो, तेव्हा काही वाटत नसे.

त्या वर्षी दोघी हंगामी म्हणून आल्या. एकीला खुर्ची मिळाली माझ्या शेजारची. गळा गोड, म्हणून तिला सगळ्या मैना म्हणायच्या. दुसरी बसली पार टोकाला, संडासाच्या दाराशी. जाड भिंगांचा चष्मा, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. ती घुबड. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावती ही एकटीच. वर्षअखेर दोघींतली एकच कायम होणार होती, आणि कोण ते साहेब मलाच विचारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्याच दिवशी घुबड माझ्या टेबलाशी आली. ओल्या स्पंजचा तुकडा घातलेली वाटी तिनं पुढ्यात ठेवली.

"बाई, बोट चाटू नका. कागदाला डाग पडतात. बघणाऱ्याला किळसही येते."

"मग बघतेस कशाला?" मी म्हणाले आणि वाटी खणात ढकलली.

मैनेचं तसं नव्हतं. मला बिनसाखरेचा चहा, तर तिलाही बिनसाखरेचा. माझं डोकं दुखलं की तिचंही ठणकायचं. मी काही बोलायचा अवकाश, ती री ओढायला तयार. एकदा तिनं जीभ काढून दाखवली. निळीशार!

"बघा बाई, तुमचीच सवय लागली! मागच्या जन्मी सख्ख्या बहिणी असणार आपण."

मी विरघळले. तिची चुकलेली पत्रं मी गुपचूप पुन्हा टाइप करायचे. घुबडाच्या कागदात मात्र शोधूनही चूक सापडत नसे. तरी साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझ्या शेजारचीला ठेवा. मनमिळाऊ आहे पोर."

शेवटच्या दिवशी घुबडानं मशीनवर कव्हर घातलं, पिशवी उचलली आणि कोणाकडे न बघता निघून गेली.

दोन महिन्यांनी नवे साहेब आले. सतत नाकाला रुमाल लावणारे. मी सह्यांची पत्रं घेऊन दाराशी पोचले, तर आतून मैनेचा आवाज.

"शी, साहेब! त्या थुंकी लावून कागद उलटतात. मी तर त्यांच्या हातचा कागद चिमटीत धरते. मला बाई जन्मापासून स्वच्छतेचं वेड."

ती बाहेर आली. साहेबांसारखाच तिच्याही नाकाला रुमाल. मला बघताच तो कमरेला खोचला गेला.

"चेहरा उतरलाय, बाई. डोकं दुखतंय ना? माझंही सकाळपासून..."

"जीभ दाखव," मी म्हणाले.

"अं?"

"दाखव म्हणते ना!"

तिनं हसत दाखवली. मांजराच्या पिल्लासारखी गुलाबी.

मी खण उघडला. वाटीतला स्पंज हाडासारखा कडक झाला होता. किळस दोघींनाही आली होती माझी. जिनं तोंडावर सांगितली, तिच्याच पोटावर मी पाय दिला होता.

वाटी घेऊन मी नळाकडे गेले. वाटेत ती संडासाजवळची रिकामी खुर्ची होती. स्पंज भिजला, मऊ झाला. मग त्यानंच मी जीभ घासू लागले. निळं पाणी वाहत राहिलं, आणि तोंडाची कडू चव काही गेली नाही.