आठवा झोपलाय

बाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. समोर बसलेली नवी इंजिनियर पोरगी ‘ही ओळ काढू का?’ असं विचारून उत्तराची वाट पाहत होती. ओळ होती संगणकाच्या मुळाशी बसून बाकीच्या साऱ्यांना कामाला लावणाऱ्या कोडमधली, आणि बाईंच्या होकाराशिवाय त्यातलं पानही हलत नसे.

ओळ बाईंच्या नवऱ्याची होती. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्याच्या हातचं त्या कोडमध्ये एवढंच उरलं होतं. ती खोडली की तो इथून कायमचा पुसला जाणार होता.

त्यांच्या पहिल्या मशीनला आठ प्रोसेसर होते. कोण जागा, कोण झोपलेला, हे तो एकाच आकड्यात मांडायचा: आठ घरं, जाग्याला एक, झोपलेल्याला शून्य. शेवटच्या घरात त्याने स्वतःच शून्य भरून शेजारी लिहिलं होतं, ‘आठवा झोपलाय. उठवू नका.’ पुढे ते मशीन अडगळीत गेलं, शंभर-शंभर प्रोसेसरांची मशीनं आली, आठ घरांची लांबच लांब पट्टी झाली. तरी प्रत्येक मशीनवर आठवा आपला बावीस वर्षं घोरतच होता. शंभरांत एक झोपला तर कुणाला पत्ता! बाईंना मात्र ठाऊक होतं. त्यांनी जाणूनबुजून काणाडोळा केला होता.

"बिघडलेला होता तो आठवा," बाई म्हणाल्या. "किती टोमणे मारले मी! एवढा मोठा इंजिनियर, आणि एक प्रोसेसर दुरुस्त होत नाही तुझ्याच्यानं? तर हसून म्हणायचा, नाही जमत बुवा."

पोरगी जरा घुटमळली.

"मॅडम, ते मशीन तळघरात आहे अजून. खात्री करावी म्हणून सकाळी ही ओळ काढून चालू केलं."

"मग?"

"आठवा ठणठणीत आहे. फक्त तो उठला की त्याच्यावरचा पंखा सुरू होतो. काय ओरडतो, बापरे! त्या बाजूला बसवत नाही."

त्या काळी त्या बाजूलाच बाईंचं टेबल होतं. तेव्हा अर्धशिशीने त्या हैराण असत. दुपारभर डोकं दोन्ही हातांत धरून बसत. मग एकाएकी ते दुखणं थांबलं होतं. औषधाला गुण आला, असं त्यांनी साऱ्यांना सांगितलं, आणि शेजारी उभा राहून तोही मान डोलवायचा.

"मग... काढू ना ती ओळ?"

"काढ." बाईंनी होकाराचं बटण दाबलं. "मशीन बंद केलंस का?"

"नाही, चालूच आहे."

बाई तळघरात उतरल्या आणि खुर्ची ओढून मशीनच्या त्या बाजूला बसल्या. पंखा कर्कश ओरडत होता. पाच मिनिटांत डाव्या भुवईवर ओळखीची कळ उठली. त्यांनी कपाळ दाबून धरलं. मागोमाग आलेल्या पोरीने ते पाहिलं आणि लगबगीने बटणाकडे हात नेला.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ."