भिंतीकडची पाने

आपले काही नुकसान झाले की आपल्याला कारण सुचण्याआधी माणूस सुचतो. नळ गळू लागला तर गेल्या महिन्यात येऊन गेलेला प्लंबर आठवतो. भिंतीला ओल आली तर वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड आठवते. ही खोड इतकी घरोघरची आहे की तिला कोणी खोड म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतात. येथे सांगायची गोष्ट मात्र अशा गृहस्थांची आहे, ज्यांना ही खोड असण्याचे काहीएक कारण नव्हते.

हे गृहस्थ विमा कंपनीचे सर्व्हेअर होते; गल्लीत सारे त्यांना साहेब म्हणत. बत्तीस वर्षे त्यांनी जळालेली गोदामे, बुडालेली तळघरे आणि चेपलेल्या मोटारी पाहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला : नुकसानीचे निकट कारण कोणते? त्याचे उत्तर हाती लागेपर्यंत त्यांची लेखणी पुढे सरकत नसे. त्यांनी एकदा कोळशाच्या वखारीची आग पाहण्यात दोन दिवस घालवले होते, आणि घरी आल्यावर बायकोने त्यांना दारातच आंघोळीला पिटाळले होते.

निवृत्तीनंतर त्यांना अंगणाचा नाद लागला. अंगण म्हणजे तरी काय, बारा फूट बाय नऊ फूट! एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची साडेपाच फुटी भिंत.

"एवढ्याशा जागेत झाड लावायचं म्हणजे खिशात हत्ती बांधण्यातला प्रकार," बायको म्हणाली.

"म्हणूनच बुटकं झाड आणतोय," साहेब म्हणाले.

आणि त्यांनी खरोखरच पुष्कळ चौकशी करून बुटकी सावनी आणली. तामणीच्याच कुळातले हे झाड. पण ही जात छातीच्या वर जात नाही. ऐन उन्हाळ्यात कोवळ्या फांद्यांच्या टोकांना गुलाबी तुरे येतात, आणि पाकळ्या अशा चुणीदार, की कोणी तलम कापड मुठीत धरून नुकतेच सोडले आहे असे वाटावे. नाजूक वस्तू आडोशाला ठेवावी या विचाराने साहेबांनी ती टाकी आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात लावली आणि दर पंधरवड्याला मूठभर युरिया घातला. फांद्यांची नुसती गर्दी झाली! साहेब खूश झाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात कळ्या धरल्या, आणि एके सकाळी पानांवर पांढरी पूड दिसली. आठवडाभरात पाने मुडपली, कळ्या न उमलताच सुकून मोहरीएवढ्या झाल्या.

आता, भिंतीपलीकडच्या घरात चार महिन्यांपूर्वी नवे भाडेकरू आले होते : पीओपीची छते करणारा कारागीर, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. हा कारागीर रोज संध्याकाळी कामावरून येई तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन. घरात शिरण्याआधी तो भिंतीशी उभा राही आणि अंगातला सदरा काढून फटाफट झटके. पांढरा लोट उठे आणि विरून जाई.

साहेबांना निकट कारण सापडले!

त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. आठ दिवस वेळा टिपल्या : सहा पस्तीस, सहा चाळीस, सहा तेहतीस. भिंतीची उंची मोजली, झाडाचे अंतर मोजले, अकरा फोटो काढले आणि त्यांना क्रमांक दिले. आराखड्यासह चार पानांचा अहवाल सिद्ध झाला. त्यात तक्रार होती, ती अशी की हे कुटुंब शेजाऱ्यांच्या मालमत्तेला आणि आरोग्याला अपाय करीत आहे. गल्लीतल्या सहा जणांनी त्याखाली सह्या केल्या. कोणी वाचून केल्या, कोणी न वाचता, एकाने तर पेन शोधता शोधताच शेरा मारला, "ही माणसं अशीच असतात हो, त्यांना काय पडलंय झाडापेडाचं!" साहेबांनी बायकोपुढेही कागद धरला. ती भांडी घासत होती. "माझे हात ओले आहेत," ती म्हणाली, आणि हात कोरडे झाल्यावरही तिने कागद मागितला नाही.

अहवाल पलीकडच्या घराच्या मालकाकडे गेला, आणि चार दिवसांनी त्या घरमालकाचा फोन आला. हा माणूस कटकटीपेक्षा रिकामे घर बरे म्हणणारा. "साहेब, काय अहवाल आहे! मी त्यांना सांगितलंय, महिनाअखेर जागा सोडा."

महिनाअखेरीला अकरा दिवस होते.

साहेबांनी फोन ठेवला आणि अहवालाची प्रत पुन्हा वाचायला घेतली. चांगले काम पुन्हा वाचण्यात एक सुख असते. तिसऱ्या पानावर मात्र ते थबकले. 'पदार्थाचे स्वरूप' या रकान्यापुढे त्यांच्याच अक्षरात होते : 'पांढरी भुकटी, बहुधा पीओपी.' बहुधा! बत्तीस वर्षांत हा शब्द त्यांनी हाताखालच्या माणसांच्या कागदांतून शेकडो वेळा खोडला होता. तो आपल्या कागदात कसा शिरला? शब्द सलू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सावनीची एक डहाळी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि जिथून रोप आणले त्या नर्सरीची वाट धरली. मनात एवढेच होते की त्या रकान्यात नेमका शब्द भरावा.

नर्सरीच्या बाई गुडघ्यापर्यंत चिखलात होत्या. त्यांनी पिशवी उघडली, पान उलटे केले, सुलटे केले.

"कुणी टाकलं म्हणता हे?"

"शेजाऱ्याने. पीओपीचं काम करतो. माझ्याकडे वेळा आहेत."

"वेळा असतील. पानं पाहिलीत का?"

"फोटो आहेत, अकरा!"

"फोटो काढणं वेगळं, बघणं वेगळं," बाई हात पुसत म्हणाल्या. "मला सांगा भाऊ, पलीकडून पूड उडाली तर आधी कुठं बसेल? भिंतीकडच्या पानांवर की टाकीकडच्या?"

"भिंतीकडच्या. उघड आहे."

"मग दाखवा की फोटो."

साहेबांनी मोबाईल काढला. सातवा फोटो भिंतीच्या बाजूचा. भिंतीच्या माथ्यावरून तेवढ्याच अंगाला थोडे ऊन येई, थोडा वारा लागे. तिकडची पाने हिरवीगार होती. आठवा टाकीच्या बाजूचा, जिथे ऊन कधी पोचतच नसे. तिकडे सगळे पांढरेफटक! साहेबांनी फोटो मोठा केला, लहान केला, मोबाईल आडवा धरला. पुरावा त्यांनीच गोळा केला होता, त्यांनीच त्याला क्रमांक दिला होता, आणि तो त्यांच्याकडे इतके दिवस टक लावून पाहत होता.

"आणि ही पूड पानाच्या खालूनही आहे," बाई म्हणाल्या. "सदरा झटकून पानाच्या खाली पूड चिकटवणारा कारागीर असेल, तर भाऊ, मला त्याचा पत्ता द्या, मी त्याला कामाला ठेवते!"

"मग हे आहे तरी काय?" साहेबांचा आवाज बदलला होता. त्यात आता तक्रार नव्हती. वखारीत दोन दिवस राख उपसणाऱ्या माणसाचे कुतूहल होते.

"भुरी. बुरशी असते ती. द्राक्षावर येते, गुलाबावर येते, सावनीवर तर येतेच. रोप कुठं लावलंय?"

"टाकी आणि भिंतीच्या मधे. आडोशाला."

"ऊन किती तास?"

ते साहेबांनी मोजले नव्हते.

"तिला सहा तास ऊन लागतं आणि खेळता वारा. खत काय घालता?"

"युरिया. पंधरा दिवसांनी."

"बाई गं! म्हणजे अंधाऱ्या कोंदट खोलीत कोंडून रोज बासुंदी पाजण्यातली गत. कोवळी पालवी फुटत राहते, फांद्या एकमेकींत गुंततात, आणि भुरीला दुसरं काय हवं? मधल्या फांद्या काढून झाड मोकळं करा, बुडाचे फुटवे काढा, युरिया बंद. पानं झडली की थंडीत मुळांच्या गड्ड्यासकट उचला आणि उन्हात लावा. तोवर पाहिजे तर पानं धुऊन, एका फांदीला कागदी पिशवी बांधून ठेवा. पूड वरून पडत असेल तर पिशवीतली फांदी स्वच्छ राहील. भुरी असेल तर पिशवीच्या आतही उगवेल. चार-सहा दिवसांत कळेल."

प्रयोग! साहेब घरी आले ते अर्धे पळतच. त्यांनी फांदी धुतली, पिशवी बांधली, तिच्यावर तारीख-वेळ लिहिली, आणि मग अंगणात खुर्ची टाकून ऊन मोजत बसले. कोपऱ्यात ऊन आले, आणि मनगटावरच्या घड्याळात पन्नास मिनिटांनी गेले. अंगणाच्या मध्यावर मात्र ते दुपार उलटली तरी ठाण मांडून होते.

बायको दारात आली. त्यांनी तिला सगळे सांगितले : सातवा फोटो, आठवा फोटो, पानाची खालची बाजू. सांगताना त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हणजे त्यांनी काही केलं नव्हतं," ती म्हणाली.

"बहुतेक नाही. चार-सहा दिवसांत पिशवी उघडली की निश्चित सांगता येईल. मग मालकाला कळवू."

"अहो," ती पायरीवर बसली, "आरोप करायला तुम्हाला कागदी पिशवी लागली नव्हती."

"अगं, पण खात्री नको का?"

"तेव्हा कुठे होती? पलीकडे सामान बांधतायत. म्हातारीला दम्याचा त्रास आहे, म्हणून तो घरात शिरायच्या आधी बाहेर कपडे झटकतो. आईच्या छातीत धूळ जाऊ नये म्हणून! हे मला त्याच्या बायकोनं पाण्याच्या नळावर सांगितलं. तुम्ही आठ दिवस घड्याळ लावून बसलात, एकदा भिंतीवरून हाक मारून विचारलं असतंत तर?"

वादात हार न जाणारा हा माणूस, पण या एका वाक्यापुढे त्यांचा सारा पद्धतशीरपणा पाचोळ्यासारखा उडाला. वेळा खऱ्या होत्या, अंतरे खरी होती, फोटो खरे होते, आणि अहवाल खोटा होता! कारण निष्कर्ष त्यांनी पाहणीच्या आधीच काढून ठेवला होता. पुढचे आठ दिवस त्यांनी केवळ त्याला कपडे चढवले होते.

ते उठले. पिशवी तशीच बांधलेली ठेवून ते फाटकाबाहेर पडले आणि शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. आत गाठोडी होती. कारागीर एका खोक्याला दोरी आवळत होता.

"तक्रार चुकीची होती," साहेब म्हणाले. "झाडाला रोग आहे, आणि तोही माझ्याच हाताने आलेला. तुमचा काही संबंध नाही. मी माफी मागायला आलोय."

कारागिराने दोरीची गाठ पुरी केली. मग वर पाहिले.

"काका, तुम्ही पत्र मागं घ्याल हो. पण गल्लीतल्या सहा माणसांना आता आम्ही कोण आहोत ते पक्कं ठाऊक झालंय. ते कसं मागं घेणार?"

आतून म्हातारीचा खोकला ऐकू आला. साहेबांनी मान खाली घातली. "ते मी बघतो," ते म्हणाले.

त्यांनी त्याच दुपारी घरमालकाला फोन केला. मालक वैतागला. "काय पोरखेळ आहे का साहेब? सात सह्यांवर मी माणसं काढली. आता ठेवायची तर त्या सातही जणांचं लिहून आणा."

एक सही त्यांची स्वतःचीच होती. उरलेली सहा दारे त्यांनी झिजवली. सही घ्यायला एक संध्याकाळ पुरली होती. परत घ्यायला पाच दिवस लागले. पहिल्या तिघांनी झटकन लिहून दिले. चौथा म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, झालं ते झालं." त्याच्यापुढे साहेब दोन तास सातवा आणि आठवा फोटो घेऊन बसले. पाचव्या बाईंनी आधी चहा दिला आणि मग विचारले, "मी कशावर सही केली होती हो?" सहावे होते पेनवाले गृहस्थ.

"झाडाचं सोडा," ते म्हणाले, "पण ही माणसं अशीच असतात."

"कशी असतात?" साहेबांनी विचारले. "तुम्ही त्यांच्यातल्या कोणाशी बोललात? तारीख सांगा, वेळ सांगा."

गृहस्थ खिशात पेन चाचपू लागले.

"मीही बोललो नव्हतो," साहेब म्हणाले. "म्हणून तर चार पानं लिहू शकलो. बोललो असतो तर चार ओळीही सुचल्या नसत्या."

सहावी सही झाली.

महिनाअखेर आली आणि गेली. शेजारच्या घरातली गाठोडी सुटली. कागदी पिशवीत भुरी उगवली होती हे खरे, पण साहेबांनी ती कोणाला दाखवली नाही. थंडीत सावनीची पाने झडल्यावर त्यांनी ती अंगणाच्या मध्यावर हलवायला घेतली. मुळांचा गड्डा त्यांच्या अंदाजापेक्षा जड निघाला, तेव्हा त्यांनी भिंतीवरून हाक मारली. कारागीर आला. तो फारसे बोलला नाही. त्याने गड्ड्याखाली गोणपाट सरकवले, साहेबांनी दुसरे टोक धरले, आणि दोघांनी झाड उचलले.

पुढल्या उन्हाळ्यात झाड फुलले ते चांगले तीन महिने. पण या गोष्टीचे फळ ते फूल नव्हे. रोप सुकले असते, तर दुसरे मिळाले असते. पलीकडचे घर रिकामे झाले असते, तर ती चूक कोणत्या नर्सरीतून भरून आणली असती? वाचकहो, आपल्यातले कितीतरी जण सज्जन आहेत, काटेकोर आहेत, आणि म्हणूनच त्यांचा संशय अधिक घातक आहे, कारण तो व्यवस्थित अक्षरात लिहिलेला असतो. तेव्हा कोणाविरुद्ध कागद उचलण्याआधी त्याच्या दारापर्यंत चार पावले चालून जा आणि विचारा. आणि तरीही चूक झालीच, तर एवढे ध्यानात असू द्या : ज्याला आरोप करताना पुरावा लागला नाही, त्याने क्षमा मागताना पुराव्याची वाट पाहू नये!