अर्धवट उतरलेले एक्स-रे

संपात बंद पडलेली परळची एक गिरणी पुढे पाडली गेली आणि तिथे काचेचा टॉवर उभा राहिला. नायगावच्या बीडीडी चाळीतली गुणवंती गमरे त्या टॉवरमध्ये इंजिनिअर म्हणून लागली. एका हॉस्पिटलचे एक्स-रे जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर न्यायचे, तेही हॉस्पिटलचं काम न थांबवता, ही तिची जबाबदारी.

ती कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, एक सोय वापरत होती. अमुक भाग इथून तिथे ने, असं सांगितलं की कर्नल लगेच ‘घेतलं’ म्हणतो आणि मागच्या मागे कॉपी करत राहतो. संपलं की उलट निरोप देतो: जमलं, किंवा वाचताना वा लिहिताना चूक आली. तो निरोप तपासायचा कोड गुणवंतीनेच लिहिला होता.

त्या दुपारी कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसलं. इतक्यात? जुनी डिस्क तर जागोजागी बिघडलेली. तिने नव्या डिस्कवरचा एक फोटो उघडला. वरच्या बरगड्यांपर्यंत छाती नीट, खाली नुसता काळा पट्टा. दुसराही तसाच. तिने कोड पाहिला. तपासणी काढून टाकलेली. नुसतं ‘घेतलं’ आलं की ‘कॉपी झाली’ धरलं जात होतं.

मॅनेजर रामदास पेडणेकर टेबलावर वडापाव खात होता.

“सर, तपासणी कोणी काढली?”

“मी. सारखं अडकत होतं यार. आता क्लायंट येतायत.”

“पण कितीतरी फोटो अर्धेच उतरलेत!”

“माहितीय मला,” बोटाची चटणी चाटत तो म्हणाला. “जुने फोटो कोण बघतंय? जुनी डिस्क पुसायला लावलीय. विचारलंच तर तीच खराब होती म्हणायचं.”

हा चुकला नव्हता. कळून सवरून, खाता खाता करत होता. गुणवंती धावत जागेवर आली आणि तिने पुसणं थांबवलं. सुरुवातीचे फोटो तोवर गेले होते.

हॉस्पिटलच्या डॉक्टर मृणालिनी आल्या. रामदासने हसत जुन्या डिस्कवर खापर फोडलं. “काय गुणवंती, बरोबर ना?”

“नाही, डॉक्टर. चुका यांनी लपवल्या आणि डिस्क पुसायला लावली. काही फोटो गेलेत. उरलेले मी काढून देते.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “माझे पेशंट आहेत हो ते,” एवढंच त्या म्हणाल्या.

गुणवंतीने तपासणी परत घातली, बिघडलेले भाग पुन्हा पुन्हा वाचून मिळतील तेवढे फोटो वाचवले. कंपनीने हॉस्पिटलची माफी मागितली, आणि काम वेळेत उरकलं म्हणून रामदासला बढती देऊन दुसऱ्या हॉस्पिटलच्या कामावर नेमलं. तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन तिच्यापाशी आला. “घे गं, टीमचं यश आहे.”

तिने बॉक्स परत त्याच्याकडे सरकवला.

“मला नको, सर. नोकरीपण नको,” ती म्हणाली आणि पर्स उचलून जिना उतरली.