अकरा गोळ्या

ऑर्फा स्टॅलर्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैमध्ये झालं. डॉक्टरांनी दुखण्यावर ज्या गोळ्या दिल्या, त्या तिने मोजून चार वेळा घेतल्या आणि उरलेल्या लपवून ठेवल्या. कोल्ड फोर्क गावात नशेपायी चोरीला जाणाऱ्या असल्या गोळ्या उघड्यावर ठेवणारं माणूस एकतर परगावचं असतं, नाहीतर खुळं. ऑर्फा दोन्ही नव्हती. दर शनिवारी ती बाटली काढायची, टेबलावर गोळ्या ओतायची, मोजायची आणि परत लपवायची. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्यात अकरा कमी भरल्या.

घरात माणसं दोनच. एक ऑर्फा, दुसरी तिची नात हॅडली, वय वर्षं बारा, इयत्ता सातवी. हॅडलीची आई क्रिस्टा, म्हणजे ऑर्फाचीच लेक, याच गोळ्यांच्या नशेपायी वाया गेली होती. आता चौदा महिने ती नशेपासून दूर होती, पलीकडच्या गावात धुलाईच्या दुकानात कामाला होती. कोर्टाच्या परवानगीने दर रविवारी दोन ते चार ती लेकीला भेटायला यायची, तेही ऑर्फाच्या डोळ्यांदेखत.

खरं सांगायचं तर क्रिस्टावर संशय घेऊन घेऊन ऑर्फा थकली होती. पंधरा वर्षं तिने दुसरं काही केलंच नव्हतं. पोरीच्या बाह्या वर करून बघ, पर्स उलटी कर, न्हाणीघराच्या दाराला कान लाव. क्रिस्टा सुधारली तेव्हा तिला वाटलं, आता हे सगळं संपलं. पण सवय कुठे जाते? समोर जे सापडेल त्याच्यावर ती जाऊन बसते. समोर होती हॅडली.

आणि मग जे दिसेल ते त्या संशयात चपखल बसायला लागलं. पोरगी जेवताना गप्प असते. फोन पालथा ठेवते. रविवार आला की पोट दुखतं म्हणते. ऑर्फाने तिचं दप्तर तपासलं, गादीखाली हात घालून पाहिलं, बुटांत बघितलं. काही सापडलं नाही. त्याने तिची खात्री आणखीच पक्की झाली, कारण क्रिस्टाच्या वेळीही सुरुवातीला काही सापडलं नव्हतं.

अशात शाळेचा नशाविरोधी लाल फितीचा आठवडा आला. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या शाळा तो पाळतात. सोमवारी लाल कपडे, मंगळवारी दोन पायांत दोन रंगांचे मोजे, बुधवारी काळे चष्मे. नशेचा आणि मोज्यांचा काय संबंध हे विचारायचं नसतं. ऑर्फा त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं ताटं वाढत होती, त्यामुळे तिने हे सगळं दरवर्षी येऊन जाताना पाहिलं होतं. लाल फिती बांधलेली पोरं तिच्या खिडकीसमोरून रांगेने गेली होती. त्यातली काही आता टेकडीवरच्या दफनभूमीत होती. क्रिस्टाही तेव्हा त्या रांगेत होती.

या वर्षी आरोग्याचे मास्तर व्हिटेकर यांनी नवीन टूम काढली. प्रत्येकाला एक कार्ड. ‘मी नशेला हात लावणार नाही’ असं छापलेलं. खाली दोन सह्या, एक मुलाची, एक घरच्या मोठ्या माणसाची. ज्या वर्गाची सगळी कार्डं येतील त्या वर्गाला शुक्रवारी पिझ्झा.

हॅडलीने सोमवारी सकाळीच कार्ड टेबलावर ठेवलं. तिची सही झालेली होती.

“मॅमॉ, तुझी सही हवी,” ती आजीला म्हणाली.

ऑर्फाने कॉफीचा कप खाली ठेवला. “त्या गोळ्यांचं काय झालं ते आधी सांग.”

“मी नाही घेतल्या. किती वेळा सांगू?”

“मग पाय फुटले त्यांना?”

“मला माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणताना तू खाली बघतेस. तुझी आईपण खालीच बघायची. खोट्या कागदावर मी सही करत नाही.”

हॅडलीने कार्ड उचललं आणि दप्तरात टाकलं. तिचे कान लाल झाले होते.

बुधवारी दुपारी व्हिटेकर मास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. डोळ्यांवर ठरल्याप्रमाणे काळा चष्मा होता.

“सत्तावीसपैकी सव्वीस कार्डं आली, मिसेस स्टॅलर्ड. फक्त हॅडलीचं राहिलंय. पोरं तिच्या मागे लागलीत, पिझ्झा बुडवणार म्हणून.”

“होईल सही. घाई काय आहे?”

“घरी सगळं ठीक आहे ना?” मास्तरांनी चष्मा वर केला आणि आवाज खाली आणला. “नाही, म्हणजे, तिची आई...”

“तिच्या आईचं तुम्ही नका बघू,” ऑर्फा म्हणाली आणि त्यांच्या ताटात मक्याचा पाव जरा जोरातच टाकला. मास्तर निघून गेले. पण त्यांच्या मनात जे आलं ते तिच्याही मनात होतंच. पोरगी आईच्या वळणावर चालली.

तीन वाजता ऑर्फाचं काम संपलं. दोघी गाडीत बसल्या. गाडी नदीकाठच्या रस्त्याला लागली. मग हॅडली खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मीच घेतल्या.”

ऑर्फाने गाडी बाजूला घेतली. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. तीन आठवडे जे ती म्हणत होती ते बरोबर निघालं होतं.

“खाल्ल्यास?”

“नाही. संडासात टाकून पाणी ओतलं. तुला सवय लागू नये म्हणून. सगळ्यांना लागते.”

“अकराच का?”

“सगळ्या गेल्या असत्या तर तुला कळलं असतं.”

उत्तर चोख होतं. ऑर्फाला जरा भरूनही आलं. आजीच्या काळजीने केलेली चोरी, त्यात रागवायचं काय? तिने गाडी सुरू केली. पण दोन वळणं गेली आणि तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. उत्तर फारच चोख होतं. बारा वर्षांची पोर पकडली गेली की अडखळते, रडते. ही तर पाठ केलेलं म्हणून दाखवत होती.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही.

“कुठून घेतल्यास ते दाखव.”

“काय?”

“बाटली जिथून काढलीस तिथे जा आणि हात लाव. मग विषय संपला.”

हॅडली स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभी राहिली. मग न्हाणीघरात गेली आणि आरशामागच्या कपाटाला हात लावला. हॅडलीने आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथून हात काढला. ती ऑर्फाच्या खोलीत गेली, उशालगतच्या खणाशी थांबली. तिथून शिवणाच्या डब्याकडे. प्रत्येक ठिकाणी ती वळून आजीचा चेहरा बघत होती.

गोळ्या मागच्या पडवीत होत्या. सगळ्यात वरच्या फळीवर, ऑगस्टमध्ये शेंगा बरण्यांत भरायच्या वेळी खाली काढतात त्या मोठ्या कुकरात, झाकणाखाली. ऑर्फाच्या आईनेही जपायच्या वस्तू तिथेच ठेवल्या होत्या. हे ऑर्फाखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, जे याच घरात लहानाचं मोठं झालं होतं आणि जे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ‘मी आणते बरणी लोणच्याची’ म्हणत पडवीत गेलं होतं. लोणच्याची बरणी खालच्या फळीवर असते. तिला यायला बराच वेळ लागला होता, आणि ऑर्फा त्या वेळी खुर्चीत बसून, लेक घरात कामाला हात लावते आहे याचा आनंद मानत होती.

ऑर्फा तिथेच पलंगावर बसली. गुडघा ठणकत होता.

“तुला कधीपासून माहीत आहे?” तिने विचारलं.

“मी घेतल्या म्हटलं ना.”

“हॅडली.”

पोरीचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. “निघताना तिने मिठी मारली,” ती म्हणाली. “तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात वाजलं. गोळ्यांसारखं. तिने मला घट्ट धरलं म्हणून जास्त वाजलं.”

“आणि तू एक महिना हे पोटात ठेवलंस?”

“कोर्टाच्या बाईंनी सांगितलंय ना, एकदा जरी चुकली तर रविवार बंद. मी घेतल्या म्हटलं तर मला फक्त शिक्षा होईल. तिला नाही.”

ऑर्फा स्वतः एकदा शेरीफसमोर उभी राहून म्हणाली होती, बाटली माझ्याच हातून हरवली, पोरीचा काही दोष नाही. तेव्हा तिलाही हे शहाणपणाचं वाटलं होतं. त्यानंतर क्रिस्टा आणखी सहा वर्षं घेत राहिली.

“तू नाही घेतल्यास हे तू सोमवारी सांगितलंस,” ती म्हणाली. “त्याआधीही सांगितलंस. मी ऐकलं नाही. बुटांत हात घातले तुझ्या. चुकलं माझं.”

हॅडलीने नाक बाहीला पुसलं.

“कोर्टाचं ऑफिस साडेचारला बंद होतं. मी आत्ता फोन करणार आहे. भेटी बंद होणार नाहीत, मी होऊ देणार नाही. पण इथे नाही, त्यांच्या ऑफिसात. मी तुला घेऊन जाईन. आणि तिला पुन्हा उपचाराला जावं लागेल.”

“ती जाणार नाही.”

“कदाचित नाही जाणार. पण गप्प बसलो तर ती मरेल, आणि ते तू केलंस असं तुला आयुष्यभर वाटेल.”

हॅडली अगदी बारीक आवाजात म्हणाली, “तिला वाटेल मी सांगितलं.”

ऑर्फाने तिला जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला.

“तू कुठे सांगितलंस? तू तर अजून न्हाणीघरातच शोधते आहेस,” ती म्हणाली. “तिला म्हणावं, म्हातारीने स्वतःच हुडकून काढलं. तुझी आई मला पस्तीस वर्षं ओळखते. तिला ते लगेच पटेल.”